कुळ, कूळ आणि कुली

मराठीतला 'कूळ' हा शब्द मोठा दुतोंडी आहे. कुलदैवत, कुळाचार, कुलशील अशा ऐटीत तो घराण्याबरोबर मिरवतो, आणि तोच शब्द दुसऱ्याच्या जमिनीत खंडाने राबणाऱ्या माणसालाही चिकटतो. १९४८ च्या कूळकायद्यातले कूळ आणि कुलवृत्तांतातले कूळ यांची गाठ सहसा पडत नाही. ज्याच्याजवळ पहिले असते त्याच्याजवळ वंशावळ असते. जो दुसरे असतो त्याच्याजवळ फार तर सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त एक ओळ असते. या दोघांच्याही खाली एक तिसरा शब्द आहे, 'कुली'. तो इंग्रजांनी 'कोळी' या जातिनामावरून उचलला की तमिळमधल्या मजुरीवाचक 'कूलि' शब्दावरून, हा वाद जुनाच आहे आणि मला त्यात शिरायचे नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. कुलीचा कुलवृत्तांत लिहिता येईल काय? आणि लिहिता येत असेल, तर तो कसा लिहावा?

हा प्रश्न मला हवेतून पडलेला नाही. लोणावळ्याच्या माझ्या टेबलावर गेला पावसाळाभर एक हस्तलिखित पडून आहे. मॉरिशसमधल्या एका मराठी घराण्याचा हा वृत्तांत आहे. लेखिका तिथल्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांची मराठी शाळेत शिकलेली, थोडी पुस्तकी, पण स्वच्छ आहे; आपल्याकडच्या पुष्कळ प्राध्यापकांनी हेवा करावा इतकी स्वच्छ. दोन वर्षांपूर्वी त्या मावळात येऊन गेल्या, माझ्याकडे चहा घेऊन गेल्या, आणि आता प्रस्तावनेच्या विनंतीसह त्यांनी हे बाड पाठवले आहे. सोबतच्या पत्रात 'काका, तुम्ही मावळचे, तुम्हीच लिहायला हवे' असे वाक्य आहे. प्रस्तावना लिहिणारा माणूस आपल्याकडे साधारणपणे पाठ थोपटण्यासाठी नेमलेला असतो. मला ते जमत नाही, म्हणून प्रस्तावनेआधी हे परीक्षण.

कुलवृत्तांत हा आपला एक खास साहित्यप्रकार आहे, पण समीक्षेने त्याची दखल जवळजवळ घेतलेली नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकामागून एक घराण्यांनी आपापले जाडजूड ग्रंथ छापले. त्यांचा साचा ठरलेला: गोत्र, मूळ पुरुष, मूळ गाव, शाखा, स्थलांतर, मग पिढ्यांचे तक्ते आणि शेवटी कर्तबगार पुरुषांची छायाचित्रे. बायका त्यात 'माहेरचे नाव अमुक' एवढ्यापुरत्या येतात. हे ग्रंथ कोणी वाङ्मय म्हणून वाचत नाही, आणि ते ठीकच आहे. पण त्यांची एक गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखी आहे. ते कुणापुढे तरी सांगितलेले असतात. त्याआधीच्या करीन्यांचे आणि कैफियतींचेही तसेच. जेधे करीना आज आपण शिवकालाचे साधन म्हणून वाचतो, पण तो लिहिला गेला तो इतिहासाची सेवा करावी म्हणून नव्हे. आमच्या पूर्वजांनी काय सेवा केली आणि आमचे वतन कसे खरे, हे पटवून देण्याची ती खटपट आहे. विचारणारा दिवाण असला की वंशावळ वतनाच्या बाजूने वळते, विचारणारे भाऊबंद असले की ती अभिमानाच्या बाजूने वळते. यात खोटेपणा असतोच असे नाही. पण वळण असते, आणि ते ओळखल्याशिवाय या मजकुरावर भार टाकता येत नाही.

आता मॉरिशसकडे वळू. १८१० साली इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून घेतले. १८३५ साली तिथली गुलामगिरी कायद्याने संपली, पण उसाचे मळे संपले नव्हते. त्यांना हात हवे होते. १८३४ च्या नोव्हेंबरात 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले, आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून अधिक हिंदी माणसे त्या बंदरात उतरली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास येथून गेली. मुंबईहून गेलेले काही दशसहस्र. त्यांतले बरेचसे मराठी बोलणारे, आणि त्यांतलेही पुष्कळ रत्नागिरी-सावंतवाडीकडचे. सुरुवातीच्या करारांत पुरुषाला महिना पाच रुपये मिळत. या माणसांची जी नोंदपुस्तके सरकारने ठेवली, ती आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या संग्रहात आहेत. ज्या धक्क्यावर ती माणसे उतरली तो 'आप्रवासी घाट' २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

या नोंदपुस्तकांचा कर्ता कोण? एक कंटाळलेला कारकून. त्याच्यापुढे रांग लावून उभी असलेली माणसे त्याची भाषा बोलत नव्हती, तो त्यांची बोलत नव्हता. त्याने रकाने भरले: क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरच्या खुणा, जिल्हा, परगणा, गाव, जहाज, तारीख, कोणत्या मळ्यावर पाठवले. शेवटी शेऱ्याचा रकाना, त्यात पुढे कधीतरी 'मयत' किंवा 'परत गेला' असे पडायचे. यात कुणाचा गौरव करायचा नव्हता. पळालेला मजूर सापडावा आणि एकाच्या नावावर दुसऱ्याने करार मोडू नये, एवढाच हेतू. पुढे १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. तो नाही म्हणून माणसे रस्त्यात धरली जात; या छळाविरुद्ध १८७१ साली आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका मळेवाल्याने ९४०१ मजुरांच्या सह्यांचा अर्ज राज्यपालाकडे पाठवला, आणि त्यातून चौकशीसाठी रॉयल कमिशन आले.

म्हणजे ज्या कागदावर आज एक घराणे आपले मूळ शोधत आहे, तो कागद त्या मूळ पुरुषावर पाळत ठेवण्यासाठी लिहिला गेला होता. मला यात केवळ उपरोध दिसत नाही. दिवाणापुढे उभा राहिलेला देशमुख आपली बाजू मांडत होता. कारकुनापुढे उभ्या राहिलेल्या मजुराला मांडायला बाजूच नव्हती. त्यामुळे नोंदीतली उंची आणि डाव्या गुडघ्यावरचा व्रण हा मराठी कुलवृत्तांतातला बहुधा सगळ्यात विश्वसनीय मजकूर आहे. आपल्या एकाही छापील कुलवृत्तांतात मूळ पुरुषाची उंची दिलेली मी पाहिलेली नाही.

हस्तलिखितातली नोंद साधी आहे. तरुण पुरुष, एकेरी नाव, बापाचेही एकेरी नाव. जात 'मराठा'. जिल्हा 'पूना'. परगण्याचा रकाना रिकामा. गाव 'वारगाऊम'. एवढ्या सामग्रीवर लेखिकेने पहिले प्रकरण लिहिले आहे, आणि ते अडतीस पानांचे आहे.

या अडतीस पानांत काय आहे, हे सांगितले पाहिजे. त्यात बारा मावळे आहेत, शिवाजी महाराज आहेत, तान्हाजी आहे, पावसात भिजलेले लोहगड-विसापूर आहेत. मग १७७९ साल येते. पुण्यावर चालून आलेली मुंबईकर इंग्रजांची फौज तळेगावाहून मागे फिरते, वडगावात कोंडली जाते, आणि शरणागतीचा तह करते. इंग्रजी इतिहासग्रंथांतून हा तह 'वारगाऊम'चा तह म्हणूनच ओळखला जातो. नोंदीतले वारगाऊम म्हणजे तेच वडगाव, असे लेखिका म्हणतात, आणि तिथून पुढे 'ज्या मातीने इंग्रजांना गुडघ्यावर आणले त्या मातीचा पुत्र' जहाजात चढतो. त्याचे पूर्वज मावळे होते, हे एव्हाना वाचकाने गृहीत धरलेले असते. शंभरेक वर्षांची झेप एका परिच्छेदात आटोपते.

या तर्काचा अर्धा भाग चांगला आहे. आपला 'ड' इंग्रज कानाला 'र' ऐकू येई, त्यामुळे वडगावचे वारगाऊम होणे नियमाला धरून आहे. त्याच रीतीने कार्ल्याचे 'कार्ली' झाले आणि लोणावळा कितीतरी वर्षे 'लानौली' राहिला. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात तो तसाच सापडतो. तेव्हा नोंदीतले गाव 'वडगाव' आहे, हे मला मान्य आहे. पण कोणते वडगाव? मावळचे वडगाव आहे, तसे शिरूरकडे वडगाव रासाई आहे, बारामतीकडे वडगाव निंबाळकर आहे, आंबेगावात वडगाव काशिंबेग आहे, जुन्नरात वडगाव आनंद आहे, आणि आज पुणे शहराने गिळलेली वडगाव शेरी आणि वडगाव बुद्रुक आहेतच. वडाचे झाड जिथे उभे राहिले तिथे आपण वडगाव वसवले. इतक्या वडगावांतून लेखिकेने नेमके इतिहासातले निवडले, ते इतिहासात आहे म्हणून. इंग्रजांच्या ग्रंथांत ज्याचे नाव येते तेच गाव आपले, हा निकष ज्या माणसाला कुणी ग्रंथात घातले नाही त्याला लावणे मला अन्यायाचे वाटते.

जातीच्या रकान्याविषयीही लेखिकेने जरा जास्तच विश्वास दाखवला आहे. नोंदीत 'मराठा' आहे म्हणून शहाण्णव कुळींची यादी परिशिष्टात जोडली आहे. पण बंदरावरच्या कारकुनाच्या लेखी 'मराठा' हा शब्द जातीचा होता की मुलखाचा, हे रकाना सांगत नाही. कुणबी, महार, कोळी, न्हावी, कुणीही मुंबईकडून आला आणि मराठी बोलला की तो 'मराठा' लिहिला जाण्याची सोय होती. भरती करणाऱ्याला काही जाती पसंत नसत, हे मजुरांनाही ठाऊक होते. तेव्हा विचारल्यावर माणूस चालेल ती जात सांगे. आपल्याकडे २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून कोतवाल बुके आणि जन्ममृत्यूची जुनी पुस्तके 'कुणबी' या एका शब्दासाठी पानोपान चाळली गेली, मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. तेव्हा जातीचा रकाना वाचताना वाचणाऱ्याच्या मनात काय असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. मॉरिशसमध्ये हा रकाना वाचण्याची निकड निराळी आहे. २०२४ च्या मार्चमध्ये भारताच्या राष्ट्रपतींनी मॉरिशसच्या सातव्या पिढीतल्या भारतीय वंशीयांनाही ओसीआय कार्डासाठी पात्र ठरवल्याचे जाहीर केले, आणि पणजोबाच्या पणजोबाच्या कागदाला एकदम व्यवहारातली किंमत आली. मी याला नावे ठेवीत नाही. करीनाही व्यवहारासाठीच लिहिला जात असे.

पण पहिल्या प्रकरणाला माझा खरा आक्षेप याहून निराळा आहे, आणि तो मावळात राहणारा माणूस म्हणून आहे. मूळ पुरुष ज्या काळात बोटीत चढला त्या काळातला मावळ या अडतीस पानांत नाहीच. सतराव्या शतकाचा मावळ आहे, अठराव्या शतकाचा आहे. एकोणिसाव्या शतकातला गायब आहे. आणि तो काही सुना नव्हता. १८५६ साली बोरघाटातल्या रेल्वेचे काम सुरू झाले. १८५८ च्या जूनमध्ये खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली, पण मधला घाट उतरायला उतारूंना पालख्या आणि तट्टे घ्यावी लागत. फॅव्हिएल या ठेकेदाराच्या कारकिर्दीत मजुरी थकली आणि १८५९ च्या आरंभी मजूर उठले; चौकशी झाली, ठेकेदार गेला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत इथेच मेला, आणि त्याची विधवा अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ठेका पुढे चालवून घाट पुरा केला. १८६३ च्या एप्रिलात सर बार्टल फ्रिअरच्या हस्ते तो खुला झाला. सुमारे पंधरा मैलांत अठराशे फुटांहून जास्त चढ, पंचवीस बोगदे. १८६१ साली या घाटात बेचाळीस हजारांवर माणसे कामाला होती. पटकीने ती किड्यामुंग्यांसारखी मेली.

या बेचाळीस हजारांची नावे कुठे आहेत? ठेकेदाराचे नाव आहे, त्याच्या विधवेचे आहे, अभियंत्यांची आहेत. घाटाची छायाचित्रे आहेत, त्यांत डोंगराच्या कुशीला ठिपक्यांएवढी माणसेही आहेत. पण मजुरांचे नोंदपुस्तक नाही. मुकादम हजेरी मोजत होता, माणसे मोजत नव्हता. इयन कर यांनी भारतीय रेल्वेच्या बांधणीवर १९९५ साली जे पुस्तक लिहिले त्यात या मजुरांचा विचार आस्थेने केला आहे. पण आस्थेने नावे परत येत नाहीत.

लेखिकेने हा काळ गाळला, आणि त्यामुळे तिच्या पूर्वजाच्या आयुष्यातला एकमेव निर्णय गाळला गेला. कल्पना करा की तो मावळातलाच होता. १८५० नंतरच्या दशकात नाणे मावळातल्या किंवा पवन मावळातल्या एका तरुणापुढे दोन वाटा होत्या. एक खंडाळ्याला जात होती, दुसरी मुंबईच्या बंदराला. दोन्हीकडे मुकादम होता, दोन्हीकडे उचल होती, दोन्हीकडे मरण होते. घाटात गेलेल्याची मजुरी दर महिन्याला बुडू शकत होती, पण पावसाळ्यात तो घरी येऊ शकत होता. बोटीत गेलेल्याला परत येण्याची खात्री नव्हती. पुढे साठीच्या दशकात सरकारी कामे आणि कापसाची तेजी यांनी मजुरी चढली तशी मुंबईहून होणारी ही भरती आटत गेली. एवढा सगळा ताळेबंद त्या तरुणाने मनात मांडला असेल. आणि ज्याने दूरची वाट धरली त्याचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि गुडघ्यावरचा व्रण राहिला. ज्याने जवळची धरली त्याचे काहीही राहिले नाही. माझ्या घराच्या खिडकीतून रात्री घाट चढणाऱ्या गाड्यांचा आवाज येतो, आणि गेले काही महिने तो ऐकताना मला ही गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही.

कैद्यांचाही उल्लेख हवा होता. करारी मजुरांच्या आधी, १८१५ ते १८३७ या काळात, बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून सुमारे पंधराशे कैदी मॉरिशसला रवाना झाले. त्यांनी तिथले रस्ते बांधले. १८३६ साली चार्ल्स डार्विन पोर्ट लुईला उतरला तेव्हा त्याने हे कैदी पाहिले आणि त्यांच्या भारदस्त रूपाने तो चकित झाला, हे त्याच्या प्रवासवर्णनात आहे. मॉरिशसच्या मराठी घराण्यांचे चार-पाच छापील वृत्तांत मी आजवर वाचले. एकातही मूळ पुरुष कैदी निघालेला नाही. सगळ्यांचे मूळ पुरुष एकतर फसवून नेलेले तरी, नाहीतर शूर मावळे तरी. स्वतःच्या बुद्धीने, पाच रुपयांचा हिशेब करून गेलेला माणूस अजून या वाङ्मयात जन्मायचा आहे. हिंदीत अभिमन्यू अनत यांनी 'लाल पसीना' ही कादंबरी १९७७ साली लिहिली, आणि त्या बेटावरच्या मजुराला निदान एक कादंबरी मिळाली. मराठीत त्या तोडीचे काही झालेले माझ्या वाचनात नाही.

गाव हरवणे ही गोष्ट मावळाला नवी नाही, हे जाता जाता सांगतो. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे यवन आहेत, म्हणजे परमुलखातून येऊन इथे वसलेले लोक, आणि ते आपले गाव आवर्जून सांगतात. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी तर हे लेणे साऱ्या जंबुद्वीपात उत्तम असल्याचे कोरून ठेवतो. दोन हजार वर्षे ती अक्षरे सह्याद्रीच्या पावसाला पुरून उरली. पण धेनुकाकट नेमके कुठे, याबद्दल पंडितांचे अजून एकमत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीही त्यावर परिश्रमपूर्वक लिहिले. दगडात कोरलेले गाव जिथे सापडत नाही, तिथे कारकुनाच्या शाईतले वारगाऊम झटकन सापडले, तर जरा थांबावे.

दुसरे प्रकरण प्रवासाचे आहे आणि ते बेतास बात आहे. समुद्राची वर्णने सगळीकडे सारखीच असतात. तिसऱ्यापासून मात्र पुस्तक जिवंत होते, कारण तिथून लेखिका ऐकीव इतिहास सोडून स्वतः शोधलेले सांगू लागते. पोर्ट लुईच्या नागरी नोंदींतून ती मागे मागे कशी गेली, आजोबांच्या लग्नाच्या दाखल्यावर पणजोबांचा आप्रवासी क्रमांक कसा मिळाला, सख्ख्या भावांची आडनावे दप्तरात वेगवेगळी का आहेत, हे सगळे ती फार नेटकेपणाने सांगते. तिथे आडनाव हे बहुधा मूळ पुरुषाचे किंवा त्याच्या बापाचे नुसते नाव असते, कारकुनाने लिहिले तसे गोठलेले. धार्मिक विधीने झालेली लग्ने सरकारी दप्तरात नोंदली जात नसत, त्यामुळे मुले कधी आईच्या नावावर, कधी बापाच्या. आपल्याकडचा वंशवृक्ष एका खोडाचा असतो. हा वडासारखा पारंब्यांचा आहे. एका पारंबीला धरून चालत गेले तर दुसऱ्याच कुटुंबात निघायचे. या प्रकरणात बायका आहेत, नावानिशी आहेत, क्रमांकानिशी आहेत, कारण नोंदपुस्तकात बाईचाही क्रमांक वेगळा असे. ज्या गोष्टीत आपले भारदस्त कुलवृत्तांत उणे पडले, तिथे कारकुनाचे पुस्तक पुरे पडले आहे.

चौथे प्रकरण मला सर्वांत आवडले. १८६६ ते ६८ ची हिवतापाची साथ, १८९२ चे चक्रीवादळ, मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढल्यावर मूळ पुरुषाच्या मुलाने घेतलेला पहिला तुकडा. आणि या सर्वांतून वावरणारी लेखिकेची आजी. ही आजी क्रिओल बोले, भोजपुरी समजे आणि रागावली की मराठीत रागावे. गणपतीत बाया जाखडी धरत तेव्हा ती मधोमध असे. जाखडी तिथे अजून 'झाकरी' या नावाने टिकून आहे, आणि तिचे मूळ कोकणात आहे हे कुणालाही पटेल. म्हणजे घराणे वडगावचे असले तरी नाच रत्नागिरीचा. वस्तीत जे जास्त त्यांचे सण सर्वांचे झाले. लेखिकेला ही विसंगती टोचत नाही, आणि ते मला फार शहाणपणाचे वाटले.

याच प्रकरणात एक वाक्य आहे, जे लेखिकेने अगदी सहज लिहून टाकले आहे. शाळेत जाताना पाऊस आला की आजी गोणपाटाची घडी करून डोक्यावर खोपीसारखी घालायची आणि म्हणायची, 'इरलं घे'. लेखिकेने तळटीप दिली आहे: हा शब्द क्रिओल असावा.

तो क्रिओल नाही. पानांचे, बांबूच्या कामट्यांचे इरले पाठीवर घेऊन वाकून भात लावणारी माणसे मी या मावळात लहानपणी शेकड्यांनी पाहिली आहेत. आता प्लॅस्टिकचे कापड आले. शिरूरकडच्या किंवा बारामतीकडच्या वडगावात इरल्याचे काम नाही, तिथे पावसाची वाट बघतात, पावसापासून पाठ राखत नाहीत. तेव्हा ज्या मावळाच्या मागे लेखिका अडतीस पाने धावली, त्याचा काही पुरावा असलाच तर तो चौथ्या प्रकरणाच्या तळटिपेत आहे. अर्थात हा पुरावा निर्णायक नाही. इरले कोकणातही आहे, आणि ज्या शेजारणींकडून जाखडी आली त्यांच्याकडून शब्दही आला असेल. पण तो एका पारड्यात पडतो, आणि १७७९ चा तह कुठल्याच पारड्यात पडत नाही.

दुसरा मार्ग नोंदपुस्तकातच आहे. माणसे एकटी जात नसत. एका मुकादमाने एका टापूतून दहा-वीस माणसे उचलली, की ती एकाच बोटीत चढत आणि बहुधा एकापाठोपाठ क्रमांक घेत. तेव्हा मूळ पुरुषाच्या पुढचे दहा आणि मागचे दहा क्रमांक पाहावेत. त्यांत 'कार्ली', 'खंडाला' अशी गावे निघाली तर वडगाव मावळचे. घोडनदीच्या बाजूची निघाली तर रासाईचे. सगळीच रत्नागिरीकडची निघाली, तर 'पूना' हा शब्दच पुन्हा तपासावा लागेल, कारण दूरच्या माणसाला जिल्हा विचारला की तो जवळचे मोठे नाव सांगतो. लेखिकेने फक्त आपल्या माणसाची ओळ उतरवून आणली. वंशावळ शोधणाऱ्याचे लक्ष आपल्या ओळीवर असते, शेजारच्या ओळीवर नसते. छापील कुलवृत्तांतांचाही हाच दोष.

मी त्यांना तसे कळवले आहे. पहिले प्रकरण अडतीस पानांवरून चार पानांवर आणावे. त्यात पुणे जिल्ह्यातल्या सगळ्या वडगावांची यादी द्यावी आणि निर्णय उघडा ठेवावा. बोरघाटावर एक नवे प्रकरण लिहावे, त्यासाठी लागणारी पुस्तके मी पाठवीन. शहाण्णव कुळींचे परिशिष्ट काढावे, आणि त्या जागी नोंदपुस्तकाचे ते पान, शेजारच्या वीस ओळींसकट, जसेच्या तसे छापावे. तळटीप बदलावी. एवढे झाले की प्रस्तावना लगेच लिहून देईन.

त्यांचे उत्तर गेल्या आठवड्यात आले. प्रकरण कापायला त्या तयार नाहीत. घरातली तरुण मुले तेवढेच वाचतात म्हणे. वीस ओळींसाठी मात्र त्या पुन्हा मोक्याला जाणार आहेत. आणि त्यांनी विचारले आहे की इरले नेमके कशाचे करतात, कुठल्या पानांचे, आणि ते लहान मुलांच्या मापाचेही मिळत असे काय.